हिरवा दिवा आणि डावा पाय: मॅन्युअल गाडी ड्रॅगमध्ये कशी उचलायची

क्लच प्लेट हातात आली की गाडी चालवणाऱ्याचा डावा पाय कसा आहे ते मला त्याला न भेटताच कळतं. अस्तर काळं पडून चकचकीत झालंय, प्लेट जिच्यावर दाबली जाते त्या इंजिनच्या चकतीवर, म्हणजे फ्लायव्हीलवर, निळसर डाग आहेत, बेलहाउसिंगमधला (क्लचवरच्या आवरणातला) जळका वास काही केल्या जात नाही, तर हा माणूस हाफ क्लचवर जगतो. अस्तर अजून जाड आहे पण प्लेटच्या मधल्या स्प्रिंगा खुळखुळतायत, एखादी तुटून बाहेर आलीय आणि सोबत ड्राइव्ह शाफ्टचा जॉइंटही गेलाय, तर हा क्लचवरून पाय झटकन काढणारा. ड्रॅगला, म्हणजे उभ्या गाडीपासून सरळ पट्टीवर वेळ लावून पळवण्याच्या शर्यतीला, पहिल्यांदा जाणारी मंडळी बहुतेक या दोनपैकी एका गटातली असतात. गंमत म्हणजे टाइम स्लिपवर, म्हणजे धावेनंतर मिळणाऱ्या वेळांच्या चिठ्ठीवर, दोघांचेही पहिले साठ फूट सारखेच रडत असतात.

साधी रोजची मॅन्युअल गाडी, साधे रोडचे टायर आणि ड्रॅग स्ट्रिपवरचा सरावाचा दिवस, एवढं धरून मी हे सांगते आहे. उभ्या गाडीला पहिल्या साठ फुटांत, म्हणजे १८.३ मीटरमध्ये, नीट कसं उचलायचं तेवढंच. हे सार्वजनिक रस्त्यावर करायचं नाही. तिथे समोर काय येईल ते कोणाच्याच हातात नसतं, आणि वेळ मोजणारे प्रकाशाचे बीम आणि घड्याळ नसल्याने तुम्ही सुधारलात की बिघडलात हेसुद्धा कळत नाही. हेल्मेट घाला, सैल सामान गाडीतून काढा, डिकी रिकामी करा.

आधी एक हिशोब करू. तो डोक्यात बसला की पायाचं निम्मं काम सोपं होतं. समजा पहिल्या गिअरचं प्रमाण ३.५ आहे आणि फायनल ड्राइव्हचं ४.१. गुणाकार १४.३५. म्हणजे इंजिन ३००० आरपीएमवर असेल तर चाक मिनिटाला साधारण २०९ वेळा फिरायला हवं. टायरचा घेर १.९ मीटर धरला तर तो वेग ताशी जवळजवळ २४ किलोमीटर होतो. आणि गाडी तर उभी आहे. शून्य ते चोवीस हा फरक कोणीतरी भरून काढायला हवा. एक तर क्लच घसरेल, नाही तर टायर घसरेल, नाही तर इंजिनचा दम जाऊन आरपीएम खाली कोसळेल. चौथा मार्ग म्हणजे काहीतरी तुटेल. तो माझ्या धंद्याच्या सोयीचा, तुमच्या नाही.

लाँच, म्हणजे उभ्या गाडीला उचलणं, चांगली म्हणजे काय, तर हा फरक मुख्यतः क्लचने भरून काढायचा, थोडासा टायरने, आणि इंजिनला खाली बसू द्यायचं नाही. रोडच्या टायरवर क्लच साधारण एक ते दीड सेकंद घसरतो. बस, तेवढंच. त्याची किंमत उष्णतेत मोजावी लागते. १२०० किलोच्या गाडीत इंजिन ३००० वर धरून ठेवून ती चोवीसच्या वेगापर्यंत नेली, तर गाडीच्या गतीत जेवढी ऊर्जा जाते जवळपास तेवढीच, २६ किलोज्यूलच्या आसपास, क्लचमध्ये उष्णता होऊन जाते. तेच ४५०० वर केलंत तर क्लच पूर्ण धरेपर्यंतचा वेग दीडपट आणि उष्णता सव्वादोनपट. म्हणून ‘अमक्याने साडेचार हजारावर सोडली, मीही सोडतो’ असं कोणी म्हणालं की मी आधी त्याच्या गाडीचा क्लच कोणता ते विचारते.

क्लच घसरू देणं म्हणजे कमीपणा, असं काहींना वाटतं. टॉप फ्युएल या ड्रॅगमधल्या सगळ्यात वेगवान वर्गाच्या राक्षसी गाड्यांतही क्लच सुटतानाच पूर्ण धरत नाही. अनेक प्लेटांचा तो क्लच टायमरच्या हिशोबाने टप्प्याटप्प्याने दाबला जातो आणि गाडी बरंच अंतर कापेपर्यंत घसरत असतो. तिथे ते काम यंत्रणा करते, आपल्याकडे डावा पाय.

बसणं आणि पाय

सीट नेहमीपेक्षा एखादी खाच पुढे घ्या. क्लच तळाला दाबलेला असताना गुडघा किंचित वाकलेला राहायला हवा. पाय पूर्ण ताणावा लागत असेल तर वर येताना त्यावर ताबा राहत नाही, मांडी थरथरते आणि क्लचही थरथरतो. जमत असेल तर टाच जमिनीला टेकवा आणि क्लच धरतो त्या भागातली दोन-तीन सेंटीमीटरची हालचाल घोट्यातून करा. पातळ तळव्याचे बूट घाला. आणि फ्लोअर मॅट काढून मागे टाका. ती क्लचखाली गोळा झाली की पेडल तळाला जात नाही, पहिला गिअर करकर करत पडतो, आणि लोक गिअरबॉक्सला शिव्या देतात.

आता बायटिंग पॉइंट, म्हणजे पेडल वर येताना क्लच धरायला लागतो ती जागा. सपाट, मोकळी जागा. गाडी न्यूट्रलवरच्या नेहमीच्या आरपीएमला, पहिला गिअर, रेस अजिबात द्यायची नाही. क्लच सावकाश वर येऊ द्या. एका जागी काटा किंचित खाली येतो, बॉनेट जरासं उचलल्यासारखं वाटतं, आवाज जड होतो. तिथे थांबा. परत दाबा, परत तिथेच या. नजर समोर ठेवूनच हे जमायला हवं, कारण लाइनवर तुम्ही दिव्यांकडे बघत असणार. काही नव्या गाड्यांत ईसीयू, म्हणजे इंजिनचा कॉम्प्युटर, इंजिन बंद पडू नये म्हणून स्वतःच रेस वाढवतो. तिथे काट्यावर विसंबू नका, सीटमधून जाणवणाऱ्या ओढीवर लक्ष ठेवा.

हे जमलं की पुढचा सराव. उजव्या पायाने १५०० आरपीएम धरा आणि गाडी हळू पुढे न्या. अट एकच, काटा १५०० वरून हलता कामा नये. क्लच जरा वर आला की इंजिनवर भार येतो, काटा पडायला बघतो, आणि त्याच क्षणी उजव्या पायाने तेवढीच भर घालायची. पहिल्यांदा काटा डुलत राहतो. दोन पायांचा मेळ बसला की तो स्थिर होतो. लाँच म्हणजे हाच सराव, दुप्पट आरपीएमला आणि एका सेकंदात. मात्र तो एका दमात अर्धा तास करत बसू नका. क्लच तापला की बायटिंग पॉइंट सरकतो आणि तुम्ही चुकीची जागा पाठ करून घरी जाता.

काही गाड्यांत क्लचच्या हायड्रॉलिक लाइनमध्ये बारीक छिद्राचा एक व्हॉल्व्ह असतो. धसमुसळ्या पायाने गाडीला धक्का बसू नये म्हणून कंपनीने तो मुद्दाम दिलेला असतो. पाय कितीही झटकन काढलात तरी क्लच आपल्याच गतीने धरतो. पेडल वर आलं, इंजिन ओरडतंय, आणि गाडी मग निघते, असं होत असेल तर आधी हा व्हॉल्व्ह आहे का बघा. पायाला दोष देत बसू नका.

लाइनवर जाण्याआधी

एसी बंद. ट्रॅक्शन कंट्रोल बंद, नाहीतर चाक जरा फिरलं की कॉम्प्युटर रेस कापतो आणि नेमकी नको तेव्हा गाडी मरगळते. काही गाड्यांत बटण एकदा दाबल्याने ते पूर्ण बंद होत नाही, दाबून धरावं लागतं. मॅन्युअल वाचा. चढावर गाडी धरून ठेवणारी हिल होल्डची सोय असेल आणि बंद करता येत असेल तर तीही बंद करा. स्ट्रिप सपाट असली तरी तिला कधीकधी वेगळं वाटतं.

टायरची हवा. ज्या चाकांना ताकद जाते त्यांची थोडी कमी करायची, एका वेळी दोन पीएसआय, आणि फरक स्लिपवर बघायचा. स्लिक, म्हणजे खाचा नसलेल्या रेसिंग टायरची मंडळी फारच खाली जातात, त्यांची नक्कल रोडच्या टायरवर करू नका. बाजूच्या भिंती लवायला लागतात आणि शेवटाकडे वेगात गाडी डगमगते. मागची चाकं नुसती घरंगळणारी असतील तर त्यांची हवा कमी करून काही मिळत नाही.

बर्नआउटबद्दल, म्हणजे निघण्याआधी चाकं जागेवर फिरवून टायर तापवण्याबद्दल, माझं मत बऱ्याच जणांना आवडत नाही. रोडच्या टायरला तो फारसा लागत नाही. बर्नआउटसाठी टायर ओले करायच्या पाण्याच्या चौकोनाला वळसा घालून जा, कारण टायरच्या खाचांत पाणी भरलं की तेच लाइनवर सांडतं, तुमच्या आणि मागून येणाऱ्याच्याही चाकाखाली. कोरड्या जागेत चाकं क्षणभर फिरवून खडे आणि धूळ झाडली की काम झालं. धुराचे लोट काढले तर रोडचा टायर तापून चिकट होण्याऐवजी तेलकट होतो. फोटो मात्र छान येतात.

रांगेत असताना गाडी न्यूट्रलवर ठेवा. हाफ क्लचवर इंच इंच सरकू नका. इंजिन बंद करून हाताने ढकलणारी माणसं दिसतील, ती वेडी नाहीत, ती क्लच थंड ठेवतायत.

झाड

दिव्यांच्या खांबाला ख्रिसमस ट्री म्हणतात. तो १९६३ मध्ये आला, त्याआधी झेंडा हलवणारा माणूस उभा असायचा. सगळ्यात वर प्री-स्टेजचे दिवे, मग स्टेजचे, मग तीन पिवळे, हिरवा, लाल. पुढचं चाक पहिला बीम तोडतं तेव्हा प्री-स्टेज लागतो. तिथून साधारण १८ सेंटीमीटर पुढे दुसरा बीम असतो. क्लचवर अगदी मुंगीच्या पावलाने पुढे या, स्टेज लागला की लगेच थांबा. पुढे जास्त घुसू नका. बीमच्या काठावर थांबलात तर चाक बीममधून बाहेर पडेपर्यंत गाडीला थोडं पळायला मिळतं, आणि घड्याळ त्यानंतर सुरू होतं. गाडी सरकत असेल तर हँडब्रेक लावा, बटण अंगठ्याने दाबून धरा आणि निघताना हात खाली सोडा.

साध्या झाडात तीन पिवळे अर्ध्या अर्ध्या सेकंदाने लागतात. प्रो झाडात तिन्ही एकदम लागतात आणि ०.४ सेकंदाने हिरवा. शर्यतीत असाल तर तिसरा पिवळा पेटताना निघायचं. हिरवा बघून निघालात तर उशीर झालेला असतो, कारण डोळा, पाय, क्लच आणि गाडी या सगळ्यांना मिळून जवळजवळ अर्धा सेकंद लागतो. पण सरावाच्या दिवशी ही घाई सोडून द्या. रिॲक्शन टाइम वेगळा मोजतात, धावेचा वेळ वेगळा. धावेचं घड्याळ तुमची गाडी बीममधून हलल्यावरच चालू होतं. हिरवा लागून सेकंद गेला तरी तुमच्या वेळेत काही फरक पडत नाही. शेजारचा निघून गेला तर जाऊ द्या. आधी गाडी नीट उचलायला शिका, दिव्याशी स्पर्धा नंतर.

उचलणं

क्लच तळाला, पहिला गिअर, आरपीएम ठरवलेल्या जागी. किती, हे तुमची गाडीच सांगेल. मी साध्या पेट्रोल गाडीला, पुढची चाकं ओढणारी असेल तर, पहिल्या फेरीला २००० च्या आसपास सुरू करायला सांगते आणि दरवेळी थोडं थोडं वर नेते. डिझेलला खालीच भरपूर टॉर्क असतो, तिथे आरपीएमपेक्षा चाकं जागेवर फिरू न देणं अवघड. टर्बो पेट्रोलला थोडं वर जावं लागतं, कारण क्लच धरला आणि इंजिन खाली बसलं की टर्बोला परत जागं होईपर्यंत वेळ जातो. काही गाड्यांत उभ्या अवस्थेत आरपीएम एका मर्यादेपलीकडे जातच नाही. तिथे ती मर्यादा हीच तुमची जागा.

ठरलेल्या आरपीएमवर काटा स्थिर धरा. वर-खाली गुर्रगुर्र करत राहिलात तर क्लच नेमका कोणत्या आरपीएमवर सुटला हे तुम्हालाही कळणार नाही, आणि पुढच्या वेळी काय बदलायचं तेही नाही.

आता निघायचं. तळापासून बायटिंग पॉइंटपर्यंतचा प्रवास हा रिकामा प्रवास आहे, तो झटकन करा. बायटिंग पॉइंटला आल्यावर पाय जवळजवळ थांबतो. पूर्ण थांबत नाही, वर सरकत राहतो, पण तुम्हालाच जाणवेल इतका सावकाश. बंद पडलेल्या गाडीला दोराने ओढताना आधी दोराचा ढिलेपणा काढतो आणि मग ताण देतो, तसंच हे. इथे गाडी पुढे ढकलली जाते, मागे पाठीला सीट लागते, आणि इंजिनचा सूर खाली घसरायला बघतो. तो सूर घसरायच्या आत उजवा पाय खाली. पूर्ण तळाला एकदम नाही. आधी सूर आहे तसा धरायचा, मग क्लच जसा सुटत जाईल तशी रेस वाढवत न्यायची. क्लचवरून पाय पूर्ण निघेल तेव्हा उजवा पाय तळाला पोचलेला असावा. मग डावा पाय पेडलवरून बाजूला, फूटरेस्टवर. पेडलवर नुसता टेकवलेला पायसुद्धा प्लेट घसरवत राहतो.

काट्याकडे बघू नका. कान वापरा. इंजिनचा आवाज तुम्हाला काट्याच्या आधी सांगतो. आवाज ‘ऊंऊं’ करत खोल गेला आणि गाडी क्षणभर अडखळून मग पळाली, तर इंजिन खाली बसलं. आरपीएम कमी होतं किंवा क्लच घाईने सुटला. आवाज एकदम चढला, टायर किंचाळले आणि स्टिअरिंग हलकं झालं, तर चाकं जागेवर फिरली. दोन्हीच्या मधे एक बारीक किणकिणता, सलग चढणारा आवाज असतो, टायर कुजबुजतो पण ओरडत नाही. टायरची सगळ्यात जास्त पकड थोड्या घसरणीतच मिळते, दहा-पंधरा टक्क्यांच्या आसपास. म्हणून अजिबात न घसरलेला टायर हासुद्धा थोडा वाया गेलेला टायर आहे.

चाकं फिरलीच तर पुन्हा क्लच दाबू नका. रेस थोडी कमी करा, पकड आली की परत द्या. ती पूर्ण सोडलीत तर नाक खाली येतं आणि परत वेग घेताना पुन्हा तोच धिंगाणा. एका गोष्टीला मात्र अपवाद करा. गाडीचं पुढचं किंवा मागचं टोक धडधड उड्या मारायला लागलं, डॅशबोर्ड हादरला, तर त्याच क्षणी रेस पूर्ण सोडा. याला व्हील हॉप म्हणतात. टायर पकडतो, सुटतो, परत पकडतो, आणि प्रत्येक पकडीचा हिसका एक्सलवर बसतो. माझ्याकडे येणारे तुटलेले शाफ्ट बहुतेक असेच तुटलेले असतात. ती फेरी गेली म्हणा.

पुढची, मागची, चारही

गाडी पुढे झेपावते तेव्हा वजन मागे जातं. १२०० किलोची गाडी, गुरुत्वमध्य ५५ सेंटीमीटर उंचीवर, दोन एक्सलमधलं अंतर अडीच मीटर, आणि वेगवाढ ०.४५ जी (गुरुत्वाकर्षणाच्या ०.४५ पट) धरली तर पुढच्या चाकांवरचं साधारण १२० किलो वजन मागे सरकतं. पुढची चाकं ओढणाऱ्या गाडीला हा शाप आहे. जितकं जोरात निघाल तितकी पकड कमी. म्हणून तिथे आरपीएम बेताचं, क्लच जास्त वेळ हळुवार, आणि स्टिअरिंग अगदी सरळ दोन्ही हातांत, कारण एक चाक सुटलं की स्टिअरिंग हिसका देतं. मागची चाकं ढकलणाऱ्या गाडीला तेच वरदान. आधी थोडं वजन मागे जाऊ द्या, मग रेस तळाला न्या. चारही चाकांच्या गाडीत टायर सहजासहजी घसरत नाहीत, मग घसरायचं काम एकट्या क्लचवर येतं. तिथे आरपीएम जरा वर ठेवावं लागतं आणि क्लच फार वेळ चालणार नाही हे मान्य करावं लागतं.

स्लिप वाचणं

४०२ मीटरचा शेवटचा आकडा आधी बघू नका. साठ फुटांचा बघा. रोडच्या टायरवर साध्या गाडीला २.५ सेकंदांच्या आसपास येतो, २.३ आला तर तुम्ही छान उचललीत. रेसर मंडळींचा ठोकताळा असा की साठ फुटांत वाचवलेला सेकंदाचा दहावा भाग शेवटी दीड-दोन दहाव्या भागांचा होऊन मिळतो. स्लिपच्या मागे पेनाने आरपीएम, टायरची हवा आणि ‘बसली’ किंवा ‘फिरली’ एवढं लिहा. दोन फेऱ्यांत एकच गोष्ट बदला. हवाही कमी केली, आरपीएमही वाढवलं आणि साठ फूट सुधारले, तर कशाने सुधारले ते कोण सांगणार?

दोन फेऱ्यांच्या मधे बॉनेट उघडून गाडी उभी ठेवा आणि वासाकडे लक्ष द्या. बायटिंग पॉइंट सकाळपेक्षा वर किंवा खाली सरकलेला वाटला, किंवा पेडल मऊ झालं, तर तो दिवस संपला. नक्की कळत नसेल तर परत येताना स्ट्रिपच्या मोकळ्या बाजूला, तिसऱ्या-चौथ्या गिअरमध्ये कमी वेगावर रेस तळाला द्या. आरपीएम चढतंय आणि वेग मात्र तेवढा चढत नाही, तर प्लेट घसरतेय. ती तशीच आणखी दोन फेऱ्या चालवलीत तर फ्लायव्हीलचाही खर्च जोडला जातो.

निघण्याआधी टायरची हवा कंपनीने सांगितलेल्या आकड्यावर आणा, ट्रॅक्शन कंट्रोल चालू करा, फ्लोअर मॅट जागेवर लावून तिच्या हुकात अडकवा आणि चाकांचे नट एकदा तपासा.